शब्दाला शब्द

९ जानेवारी

भाऊजी, नमस्कार.

फोन न करता पत्र पाठवते आहे, याचं नवल वाटून घेऊ नका. फोनवर तुमचा आवाज हुबेहूब यांच्यासारखा येतो. ऑक्टोबरात हे गेले आणि तुमचा फोन आला, तेव्हा मी दोनदा विचारलं, "आहात कुठे?" तुम्ही बिचारे तुमचा पत्ता सांगत बसलात. तेव्हाच ठरवलं, तुमच्याशी कागदावर बोलायचं. तुम्ही आला नाहीत, त्याबद्दल मी काही विचारत नाही. रजा मिळाली नाही म्हणालात, म्हणजे मिळाली नसेल.

दुकान नोव्हेंबरातच उघडलं. घरात बसून भिंतींशी किती बोलणार. गोल्फ कोर्सच्या फाटकासमोरून सकाळी साताला लोक जातात, कुणी क्लबची ग्रिप बदलायला टाकतं, कुणी शाफ्टची दांडी अर्धा इंच कापून मागतं. यांच्या वेळीही ही कामं मीच करायचे. हे बाहेर बसून गप्पा मारायचे आणि मी आत पत्र्यामागे. गिऱ्हाइकांना वाटायचं, आत कुणी कारागीर ठेवला आहे. आता पत्रा काढला. काहींना जरा जड जातंय.

आता कामाचं. आपल्या जपानी कारखान्याची एजन्सी पुढे चालू ठेवा आणि आयर्न क्लबांचे सहा सेट पाठवा, असं मी डिसेंबरात त्यांना लिहिलं होतं. सही यांच्याच नावाची केली. बारा वर्षं यांची पत्रं मीच लिहीत आले, सही तेवढी यांची असायची. बाई एकटी चालवते म्हटल्यावर ते काय म्हणतील, अशी धास्ती वाटली. त्यांचं उत्तर सोबत जोडते. "प्रस्तावाचा आम्ही जरूर विचार करू, सध्या जरा कठीण आहे, दीर्घ स्नेहाबद्दल मनापासून आभार," असं आहे. म्हणजे होकारच की. सेट मागणाऱ्या कोर्सच्या सहाही मेंबरांना मी एप्रिलची तारीख देऊन टाकली. फक्त माल नक्की कधी निघेल तेवढं विचारून कळवा.

तुमची,
वहिनी

२२ जानेवारी

ती. वहिनी, सादर नमस्कार.

पत्र वाचलं. मेंबरांना तारीख द्यायला नको होती.

इथल्या भाषेत "नाही" हा शब्द आहे, पण तो कुणी समोरच्याच्या तोंडावर टाकत नाही. "विचार करू" म्हणजे नाही. "जरा कठीण आहे" म्हणजे अजिबात नाही. आणि जुन्या स्नेहाचे आभार मानले, म्हणजे दार हळूच लोटून घेतलं. सोळा वर्षं मी दोन माणसांच्या मध्ये दुभाषी म्हणून बसून हेच करतो आहे, त्यामुळे एवढं तरी खात्रीने सांगू शकतो. दुसऱ्या एखाद्या कंपनीचा माल बघा. मी दोन-तीन पत्ते पाठवतो.

माझं ठीक आहे. खोली तीच, लाँड्रीच्या वर तिसऱ्या मजल्यावर. खालची यंत्रं फिरतात तेव्हा जमीन थरथरते. रविवारी लाँड्री बंद असते, त्या दिवशी घरात दुसरं कुणी नाही हे फार कळतं.

प्रकृतीला जपा.

तुमचा,
धाकटा

५ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्ते मिळाले. पाट्यांसारखे छापून पाठवलेत, छान.

राग मानू नका, पण तुम्ही तिथे राहून तिथलेच झालात. दार लोटलं म्हणे. लोटलेलं दार ढकलता येतं. तुमच्या गावापासून कारखाना दोन तासांवर, आणि तुम्ही मला इथे बसून "नाही"चे प्रकार शिकवता.

एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. मागच्याच्या मागच्या वर्षी मेमध्ये हे तिकडून आले ते खुशीत होते. बॅग खाली ठेवायच्या आधी म्हणाले, "तीन वर्षांचं पक्कं झालं." मग माल येईना. तेव्हा म्हणायचे, तिकडे यंत्रं बदलताहेत, उशीर होणारच. तीन वर्षांतलं एक वर्ष अजून हातात आहे. ते कागदावर कुठेतरी असेलच ना? स्वतः जा. मालकांना सांगा, हे गेले आणि दुकान आता मी चालवते. हात माझेच होते, हेही सांगा. मला कुणाची दया नको आहे, हक्काचं तेवढं हवं आहे.

वहिनी

१ मार्च

ती. वहिनी, सादर नमस्कार.

परवा जाऊन आलो.

दादा गेल्याचं मालकांना माहीतच नव्हतं. मी सांगितल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पण डिसेंबरात त्यांचं पत्र आलं."

"ते वहिनींनी लिहिलं होतं."

"सहीसुद्धा?"

"सहीसुद्धा."

ते उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांनी एवढंच केलं, माझा चहा गार झाला होता तो बदलून आणायला सांगितला. मग दादाला काय झालं होतं ते विचारलं. हृदयाचा झटका, दुकानातच, म्हणून सांगितलं. तुमच्या हातांबद्दलही सांगितलं. त्यांनी मान हलवली.

तीन वर्षांचा करार झालेला नाही, वहिनी. कागद नाही, तोंडी शब्दही नाही. त्या वेळी काही गैरसमज झाला होता. एजन्सी परत मिळायची नाही. मी विचारायचं तेवढं विचारलं.

तुमचा,
धाकटा

१२ मार्च

भाऊजी,

मग हे माझ्याशी खोटं बोलले का? दीड वर्ष, रोज माझ्यासमोर बसून?

आणि कसला गैरसमज? त्या खोलीत यांची बाजू बोलणारे तुम्हीच होतात.

वहिनी

९ एप्रिल

ती. वहिनी,

हे पत्र चारदा लिहून फाडलं. आता जसं होईल तसं पाठवतो.

दादा तुमच्याशी खोटं बोलला नाही. त्याला खरंच वाटत होतं की पक्कं झालं. तसं त्याला मी वाटू दिलं.

त्या वर्षी आलेल्या एका सेटमध्ये सात नंबर आणि आठ नंबरच्या क्लबांच्या लोखंडी हेडांच्या वजनात गडबड होती. ती दोन हेडं घेऊन दादा आला. सकाळी हॉटेलच्या लिफ्टमध्ये मी त्याला म्हणालो, "ही तक्रार मालकांना एकट्यात सांग. सगळ्यांसमोर नको." तो म्हणाला, "तू फक्त तोंड हलव. डोकं मी चालवतो. लहानपणापासून आपलं असंच ठरलंय." लिफ्टमध्ये आणखी दोन माणसं होती. त्यांना मराठी येत नाही हे मला ठाऊक होतं, तरी माझे कान तापले.

बैठकीत मालक, दोन अधिकारी आणि उस्ताद होते. उस्ताद म्हणजे हेडं घासणारे म्हातारे, पन्नास वर्षं त्याच चाकाशी उभे राहिलेले. त्यांना कामावरून तसंच बोलावून आणलं होतं, अंगावर चामडी एप्रन होता. दादाने दोन्ही हेडं टेबलावर आपटली आणि म्हणाला, "आंधळ्यानं घासलंय का हे?"

वहिनी, बारा वर्षं दादा असं काही बोलला की मी ते गाळून, चाळून पुढे सरकवत असे. त्याच्या "काय भिकार माल आहे"चं माझ्या तोंडून "आणखी थोडं लक्ष देता आलं तर उपकार होतील" व्हायचं. कामं व्हायची. दादाला वाटायचं, आपण दरडावलं म्हणून झाली. त्या दिवशी मी काही गाळलं नाही. शब्दाला शब्द ठेवला. आंधळ्याला आंधळाच म्हटलं, आणि तेही सावकाश, स्पष्ट.

उस्ताद उठले, वाकून नमस्कार केला. एप्रन काढून त्याची नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि बाहेर गेले. ते पुन्हा कामावर आले नाहीत.

दादाने विचारलं, "कुठे गेला तो?"

मी म्हणालो, "चहा सांगायला."

मग दादा खुलला. म्हणाला, "तीन वर्षांचं एकदम करून टाका, म्हणावं." मालक म्हणाले, "विचार करू." मी तेही जसंच्या तसं सांगितलं. त्याचा अर्थ सांगितला नाही. जाताना दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. पुढे माल थांबला तेव्हा त्याने फोन केला. यंत्रं बदलताहेत, हे मी सांगितलं.

रजा मिळाली होती. दहा दिवसांची मिळाली होती. मी ती या खोलीत बसून काढली.

धाकटा

३० जून

भाऊजी,

तुमचं पत्र आल्यावर मी ते वजनकाट्याखाली सरकवलं आणि अडीच महिने रोज त्या काट्यावर काम केलं.

आधी मला बरं वाटलं, हे कबूल करते. यांनी मला फसवलं नव्हतं. त्या दिवशी दुपारी मी पोटभर जेवले, बऱ्याच दिवसांनी. मग राग आला, आणि तो अजून आहे. या माणसाला तुम्ही चारचौघांत एकटं पाडलंत आणि त्यांना त्याचा पत्ताही लागू दिला नाहीत. पाठीवर थाप मारून आले हो ते. इथे सगळ्यांना सांगत सुटले होते, माझा भाऊ होता म्हणून झालं.

हे तुम्हाला टोचावं म्हणूनच लिहिलं. आता दुसरं लिहिते.

यांची जीभ मी रोज ऐकली आहे. मलाही म्हणायचे, तू आत बस, तुला बोलता येत नाही. लिफ्टमधलं वाक्य वाचलं तेव्हा ते कुठल्या सुरात आलं असेल, हे मला न ऐकताच कळलं. तुम्ही केलंत ते वाईटच. पण ते कुठून आलं, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

सहाही मेंबरांना दुकानात बोलावलं आणि सेट येणार नाहीत म्हणून सांगितलं. एक जण म्हणाला, तुमचे मिस्टर असते तर असं झालं नसतं. मी म्हटलं, त्यांच्याच वेळी झालं. चौघांनी येणं बंद केलं. कोर्सवरचे कोच आणि एक निवृत्त डॉक्टरीणबाई अजून येतात.

ती दोन हेडं सापडली. खालच्या खणात, यांच्या एका मोज्यात गुंडाळलेली. मी वजन केलं. आठ नंबर सात ग्रॅमने जड हवं, तीननेच आहे. सात नंबर चार ग्रॅमने जड. म्हणजे हे खरंच बोलले होते, फक्त फार वाईट बोलले.

हेडं पार्सलने पाठवली आहेत. सोबत उस्तादांना पत्र आहे. तुम्ही स्वतः जाऊन त्यांना वाचून दाखवा. एकही शब्द मऊ करू नका, आणि जास्तीचा घालूही नका.

"उस्ताद, ते वाक्य बोलणाऱ्या माणसाची मी बायको. ते आता नाहीत, म्हणून मी लिहिते. वजनाबद्दल ते बरोबर होते. तुमच्याबद्दल नव्हते. बारा वर्षं तुम्ही घासलेली हेडं माझ्या हातांतून गेली. शाफ्टवर बसवताना मी एकालाही कधी कानस लावली नाही, लावावी लागली नाही. हे तुम्हाला कुणी कळवलं नसेल. मीही कळवलं नाही, कारण पत्रांत आम्ही फक्त तक्रारी लिहायचो. ती चूक माझी आहे."

वहिनी

१८ जुलै

ती. वहिनी,

उस्तादांकडे जाऊन आलो. एकदा नाही, दोनदा.

ते कालव्याच्या काठी दोन खोल्यांत राहतात. मुलगी शाळेत शिपाई आहे, ती दुपारी घरी येते. दार त्यांनीच उघडलं, भिंतीला हात लावत. वहिनी, त्यांना दिसत नाही. कडेचं थोडं धूसर दिसतं, मधलं काही नाही.

मी कोण ते सांगितलं. "आवाज ओळखला," म्हणाले आणि आत घेतलं. तुमचं पत्र तुम्ही सांगितलंत तसंच मी वाचलं. ते हात मांडीवर ठेवून ऐकत होते. "कानस लावली नाही" हे वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग हेडं मागितली. एकेका हातात एकेक घेऊन अंगठ्याने कडा चाचपल्या आणि म्हणाले, "सात नंबर जड आहे. हे मला कारखान्यातून माल निघण्याआधीच कळलं होतं."

मी तुमच्या पत्राची घडी घालून खाली ठेवलं.

ते म्हणाले, "डोळे त्याच्या वर्षभर आधीपासून जात होते. चाकासमोर उभा राहून मी रोज वाट पाहायचो की कुणीतरी बोलेल. सगळ्यांना दिसत होतं. वयाचा मान ठेवून कुणी बोललं नाही. मालकसुद्धा नाही. मग एक परका माणूस आला आणि बोलला. मी त्या दिवशी रागाने उठलो नाही. आता घरी जाता येईल, म्हणून उठलो."

मालकांचंही त्यांनीच सांगितलं. आपल्या नावाने सदोष माल गेला आणि तो गिऱ्हाइकाने टेबलावर आणून ठेवला, याची त्यांना इतकी शरम वाटली की त्या गिऱ्हाइकाला पुन्हा तोंड दाखवणं झालं नाही. वहिनी, मी दोन वर्षं समजत होतो की ते रागावलेत. सोळा वर्षं या लोकांचं बोलणं पोहोचवतो आणि गप्प बसणं मला वाचता आलं नाही. आता तिथलं हाती घासकाम बंदच झालंय, सगळं यंत्रावर गेलं. त्यामुळे एजन्सीचं जे सांगितलं तेच खरं.

निघताना उस्ताद म्हणाले, "तुझा भाऊ नेमकं काय म्हणाला होता? त्याच्या भाषेत सांग."

मी म्हणालो, "आंधळ्यानं घासलंय का हे?" दादाच्या सुरातच निघालं तोंडातून, मी काही ठरवलं नव्हतं. किती महिन्यांनी मराठी मोठ्याने बोललो कोण जाणे. पुढचं वाक्य इथल्या भाषेत बोलायला गेलो तर तेही मराठीतच निघालं. म्हाताऱ्याच्या चटईवर बसून मी रडलो. ते थांबले. घाई केली नाही. मग म्हणाले, "हा रागाचा आवाज नाही. ज्या मालावर त्याचा भरवसा होता, त्याने दगा दिला, तसा आवाज आहे."

दोन्ही हेडं त्यांनी ठेवून घेतली. चार दिवसांनी गेलो तर सात नंबर तयार होतं. कानस आणि पॉलिशपेपर, हाताने. मुलगी शेजारी बसून काट्यावरचा आकडा वाचत होती. बरोबर चार ग्रॅम काढलेत. वरचा मुलामा उडाला आहे, म्हणून तेलाचं फडकं फिरवत राहा असा निरोप आहे. दोन्ही हेडं पार्सल केली आहेत.

ऑगस्टच्या शेवटी मला पंधरा दिवस मोकळे आहेत. यायला मला तोंड नाही. पण तुम्ही म्हणालात तर येईन.

तुमचा,
धाकटा

८ ऑगस्ट

भाऊजी, नमस्कार.

हेडं मिळाली. बरोबर सात ग्रॅमचा फरक. मी तीनदा वजन केलं, यांची सवय.

सात नंबरला शाफ्ट बसवला, माझ्या उंचीचा. बारा वर्षं लोकांचे क्लब बांधते आहे, चेंडू कधी मारला नव्हता. सोमवारी दुपारी सरावाच्या रेंजवर कुणी नसतं. कोचनी उभं कसं राहायचं ते दाखवलं आणि शहाण्यासारखे निघून गेले. पहिले चार चेंडू जागचे हलले नाहीत. पाचवा उडाला, पण भलतीकडे, पाणी मारणाऱ्या माळ्याच्या दिशेने. त्याने तो उचलून परत आणून दिला. पुन्हा मारू का, असं मी त्याला विचारलं. मारा की, मी बाजूला होतो, म्हणाला. तासभर मारत होते. घरी आल्यावर कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि घरात कुणी नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

दुकानाची पाटी बदलली. एजन्सीचं नाव पुसून "सर्व प्रकारच्या क्लबांची दुरुस्ती व मापकाम" असं लिहून घेतलं. एवढ्यावर दुकान चालेल की नाही, सांगता येत नाही. हिवाळ्यापर्यंत बघेन.

उस्तादांना लिहिते आहे, वेगळं. ते तुम्हीच वाचून दाखवा.

माफी तुम्ही मागितली नाहीत, बरं केलंत. ती माझ्याकडे अजून तयार नाही. यांच्या वतीने तर मी ती देऊच शकत नाही. पण तुम्ही या. तोंड नाही म्हणता, तर नका बोलू. दोन माणसं एका घरात गप्प बसली तर ते मला चालेल. एकटीने गप्प बसण्याचा आता कंटाळा आला आहे.

मी घ्यायला येणार नाही, सकाळी दुकान असतं. फाटकासमोरचा स्टॉप शेवटचाच आहे, बसमध्ये झोप लागली तरी चुकणार नाही. घराची किल्ली खालच्या शिंपीणबाईंकडे ठेवते. हातपाय धुऊन पडा जरा. मागच्या खोलीत तुमचं अंथरूण घालून ठेवेन.

त्या खोलीत यांचं कपाट आहे. मी ते अजून उघडलेलं नाही. दोनदा किल्ली लावली आणि काढली. तुम्ही आधी पोहोचलात तरी त्याला हात लावू नका. मी एक वाजता येते. मग उघडू.

तुमची,
वहिनी